दोन एचपीचा कॉम्प्रेसर हवा भरत नाही : ब्लॉक बदलण्याआधी काय बघायचं

प्रश्न असा आहे. चिपळूणजवळ हायवेला टायर-पंक्चर आणि गाड्या धुण्याचं दुकान. दोन एचपी, सिंगल फेज, बेल्टवर चालणारा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर, टाकी 160 लिटरची, वय साडेपाच वर्षं. नवा होता तेव्हा रिकामी टाकी नऊ मिनिटांत 8 बारला जायची. आता अर्धा तास चालूनही काटा 5 च्या पुढे सरकत नाही. शिवाय मधे बंद करून परत चालू केला की मोटर नुसती घुं घुं करते, कधी एमसीबी पडतो. मेकॅनिक म्हणतो ब्लॉक (पट्ट्याने फिरणारा, सिलिंडर-पिस्टनचा हवा दाबणारा भाग) गेला, नवा टाका, अकरा हजार. टाकावा का?

नका टाकू. निदान या आठवड्यात तरी नको. मी सव्वीस वर्षं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या बाजूला हेच काम करतो. "ब्लॉक गेला" म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनांमध्ये बहुतेक वेळा ब्लॉक ठणठणीत असतो, गेलेली असते ती आतल्या वॉल्व्हची बोटभर पत्ती. आणि तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे : मोटर गुणगुणते हा दुसरा आजार नाहीच, पहिल्याचीच सावली आहे. ते पुढे सांगतो.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. प्लग भिंतीतून काढून खिशात ठेवल्यासारखा लांब ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्रेशर स्विचवालं मशीन टाकीतली हवा कमी झाली की आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा तुमची बोटं पट्ट्यात असू शकतात. दुसरं, टाकीखालचा कॉक उघडून काटा शून्यावर आल्याशिवाय एकही नट ढिला करायचा नाही. काटा अडकलेला असू शकतो, म्हणून कॉकमधून येणारा आवाज पूर्ण थांबलाय का तेही ऐका.

आता आधी तुमची "नऊ मिनिटं" खरी आहेत का ते बघू, कारण माणसाला नवी वस्तू नेहमीच जास्त चांगली आठवते. 160 लिटरची टाकी 8 बारला भरायची म्हणजे बाहेरची 1280 लिटर हवा आत कोंबायची. या वर्गातल्या ब्लॉकचं नेहमीचं माप धरू : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 65 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 50 मिमी. एका सिलिंडरचे झाले 166 सीसी, दोघांचे 332. मोटर 1440 फेऱ्यांची, तिची पुली 5 इंची, ब्लॉकचं चाक 11 इंची, म्हणजे ब्लॉक मिनिटाला 650 फेरे मारणार. 332 गुणिले 650, साधारण 216 लिटर. हा कागदावरचा आकडा. चांगल्या अवस्थेतलं मशीन त्यातली दोन तृतीयांश हवा टाकीत पोचवतं, म्हणजे 140-145 लिटर. 1280 ला त्याने भागा, नऊ मिनिटं येतात. तुमची आठवण पक्की आहे. तुमच्या ब्लॉकचं माप वेगळं असेल तर हाच हिशोब आपल्या मापाने करा, पण करा. रिकाम्या टाकीपासून 8 बारपर्यंत लागणारा वेळ ही कॉम्प्रेसरची नाडी. ती न बघता पाना हातात घेणारा मेकॅनिक अंदाजाने औषध देतोय.

सोप्या गोष्टी आधी उरकून टाका. फिल्टर काढून पाच मिनिटं तसाच चालवा. वेळ सुधारली तर फिल्टर बदलायचा, विषय संपला. हायवेच्या धुळीत आणि वॉशिंगच्या तुषारांत फेल्टचा फिल्टर वर्षभरात चिखलाची वडी होतो. मग पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबला तर 10 ते 12 मिमी दबला पाहिजे. चाकाखाली काळी भुकटी पडली असेल तर पट्टा घसरतोय. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला, जुन्या-नव्याची जोडी लावली की सगळा भार नव्यावर येतो. आणि पट्ट्याला राळ लावू नका. ती पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्याची रीत, व्ही बेल्टला ती खाते.

एक गोष्ट जाता जाता तपासा : चाक कोणत्या दिशेने फिरतं? चाकाचे आरे म्हणजे पंखा असतो, त्याची हवा ब्लॉककडे आली पाहिजे. चाकावर बाण असतो, पण पाच वर्षांत तो तेलाखाली गेलेला असतो. मोटर रिवाइंड करून आली की उलटी जोडली जाण्याचा प्रकार मी कितीतरी वेळा पाहिलाय. मशीन चालतं, हवाही भरतं, फक्त हेड (सिलिंडरवरची झाकणं) भाजून निघतात आणि दोन महिन्यांत पत्त्या जातात. सिंगल फेजला स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपसात बदलली की दिशा सुलटते.

आता खरी तपासणी. हिला हत्यार लागत नाही, हात आणि कान लागतात. फिल्टर काढलेल्या अवस्थेत मशीन चालू करा, टाकी 3-4 बारला येऊ द्या, आणि तळहात दोन्ही हेडच्या हवा ओढणाऱ्या तोंडांसमोर आळीपाळीने धरा, अगदी चिकटवून नाही. चांगल्या सिलिंडरला हात आत ओढल्यासारखा वाटतो. ज्या सिलिंडरची ओढणारी पत्ती गळते त्याच्या तोंडातून प्रत्येक फेऱ्याला गरम हवेचा फुसकारा उलटा येतो. फिल्टर लावलेला असतानाही अशा बाजूचा फिल्टर हाताला कोमट लागतो. फुसकारा नाही पण एक हेड दुसऱ्यापेक्षा फारच जास्त तापतं, तर संशय सोडणाऱ्या पत्तीवर : तीच गरम हवा टाकीकडे जाऊन परत येते आणि पुन्हा दाबली जाते. हेडला सरळ हात लावू नका, दीडशे अंशांच्या आसपास असतं. पाण्याचा थेंब टाकून किती तडतडतो ते बघा.

तिसरी जागा क्रँककेसचा (ब्लॉकच्या खालच्या तेलाच्या पेटीचा) श्वास, म्हणजे ब्रीदर. तेल भरायच्या बुचावर बहुधा तोच असतो. तिथून हलकी धडधड नेहमीचीच. पण तिथून धूर आणि जोराचा मारा येत असेल, आणि खालच्या कॉकमधून निघणारं पाणी दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तिन्ही खुणा एकदम दिसल्या तर मात्र मेकॅनिकच्या बोलण्यात तथ्य आहे.

तुमची लक्षणं वाचून मला वाटतं, एका सिलिंडरची तरी पत्ती गेलेली आहे. रिंगा झिजल्या की मशीन हळूहळू, वर्षभर मंदावत जातं. काटा विशिष्ट आकड्यावर येऊन खुंटतो, हे वॉल्व्हचं लक्षण : 5 बारला जेवढी हवा आत जाते तेवढीच उलटी गळते, मग अर्धा तास चालवा की दिवसभर.

हेड उघडायचं तर मशीन पूर्ण गार हवं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. हेड, पॅकिंग, वॉल्व्ह प्लेट, पुन्हा पॅकिंग, असा थर असतो. उचलण्याआधी कडेला मार्करने एक तिरकी रेघ ओढून ठेवा, म्हणजे जोडताना प्लेट उलटी बसत नाही. मोबाइलवर फोटो काढतातच लोक, पण फोटोत वरची बाजू कोणती ते घरी गेल्यावर कळत नाही. प्लेट बाहेर आली की तिच्यावर काळा, डांबरासारखा थर दिसेल. तो कार्बन. पत्त्या म्हणजे पातळ स्प्रिंगच्या पोलादाच्या पट्ट्या (काही ब्लॉकमध्ये गोल चकत्या असतात). टोक तुटलंय का, केसासारखी चीर आहे का, बैठकीला (पत्ती प्लेटवर टेकते त्या जागेला) चिकटून आहे का, की मधे उजेड दिसतो, हे बघा.

साफ करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारेचा ब्रश आणि कटर. बैठकीवर एक ओरखडा आला की हवा तिथून आयुष्यभर गळणार. प्लेट रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी बांबूच्या चिपाडाने कार्बन सुटतो. मग जाड काच घ्या, तिच्यावर 600 नंबरचा वॉटर पेपर, चार थेंब तेल, आणि प्लेटची बैठक त्यावर इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवा. सगळीकडे सारखा राखाडी रंग आला की थांबा. पत्त्या मात्र घासायच्या नाहीत आणि जुनी पत्ती उलटून घालायची नाही. एका बाजूने बसायची तिला सवय झालेली असते, उलटली की पहिल्याच दिवशी चीर जाते. पत्त्यांचा संच नवाच घ्या, फार महाग नसतो. प्लेटच खचली असेल तर पूर्ण वॉल्व्ह प्लेट मिळते. कोइमतूर आणि अहमदाबादकडे तयार होणाऱ्या ब्लॉकांचे सुटे भाग इथल्या बाजारात सहज मिळतात. मात्र दुकानात जाताना जुना भाग हातात घेऊन जा. "दोन एचपीची पत्ती द्या" म्हणून मागितलेली पत्ती कधीच बसत नाही.

पत्त्या प्लेटवर जोडल्यावर तपासायची जुनी रीत : प्लेट आडवी धरून बंद पत्तीच्या तोंडात रॉकेल ओता आणि पाच मिनिटं घड्याळ बघा. खाली ओल आली तर चालेल, थेंब टपटपले तर पुन्हा काचेवर.

पॅकिंगबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझा पहिला मार मी इथेच खाल्ला. शिकाऊ होतो तेव्हा एकदा बाजारात तयार पॅकिंग मिळेना म्हणून मी दीड मिमीच्या शीटमधून स्वतः कापून लावलं. मूळचं अर्धा मिमीचं होतं. गळती शून्य, मी खूश. पण मशीन पहिल्यापेक्षा मंद झालं. वस्तादांनी काही न बोलता हेड उघडायला लावलं, मायक्रोमीटर हातात दिला आणि हिशोब करायला बसवलं. पिस्टन वर पोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. प्लेटखालचं पॅकिंग 1 मिमीने जाड झालं की 65 च्या बोअरमध्ये ती जागा 3.3 सीसीने वाढते. तिथे अडकलेली 8 बारची हवा टाकीत जात नाही. पिस्टन खाली उतरताना ती पाचपटीहून जास्त फुगते आणि नव्या हवेची जवळपास 15 सीसी जागा खाते. 166 सीसीतले 15 गेले, म्हणजे 8 बारपाशी नऊ टक्के हवा एका पॅकिंगने खाल्ली. पातळ पॅकिंग लावलं तर उलट संकट, पिस्टन प्लेटवर आपटतो. तेव्हा जुनं पॅकिंग फाटलं तरी फेकू नका, त्याची जाडी मोजा आणि तेवढंच आणा. दोन पॅकिंगं एकावर एक तर कधीच नाही, आणि पॅकिंगला शेलॅक किंवा सिलिकॉन फासण्याचीही गरज नाही. सिलिकॉनचा तुकडा सुटतो तो थेट पत्तीखाली जाऊन बसतो.

बोल्ट आवळताना समोरासमोर, तीन टप्प्यांत. 8 मिमीच्या बोल्टला 20 ते 22 न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने, पाईप लावून नाही. मशीन एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा त्याच मापाला आवळा. हे दुसरं आवळणं बहुतेक जण विसरतात आणि महिन्यात पॅकिंग फुंकतं.

आता ती सावली, म्हणजे मोटरचं गुणगुणणं. हेडपासून टाकीपर्यंत एक पाईप जातो, आणि टाकीच्या तोंडाशी पितळी एनआरव्ही असतो. टाकीतली हवा परत हेडकडे येऊ नये एवढंच त्याचं काम. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा त्या मधल्या पाईपात दाबाची हवा कोंडलेली असते. पुन्हा सुरू होताना मोटरला पहिल्याच फेरीला तो दाब कापावा लागला तर ती अडते. 65 च्या पिस्टनवर 8 बार म्हणजे अडीचशे किलोच्या वर जोर. म्हणून प्रेशर स्विचला एक बारीक नळी जोडलेली असते, अनलोडरची. स्विचने वीज तोडली की ती नळी पाईपातली हवा बाहेर सोडते, दोन-तीन सेकंद "फुस्स" होतं, तोच हा आवाज.

आता नीट बघा. हा अनलोडर कधी काम करतो? प्रेशर स्विचने स्वतः वीज तोडली, किंवा त्याच्या डोक्यावरची मूठ हाताने बंद केली तरच. तुमचं मशीन 8 ला पोचतच नाही, म्हणजे स्विच कधी वीज तोडतच नाही. मग तुम्ही कंटाळून भिंतीवरचं बटण बंद करत असणार. त्याने वीज गेली, पण पाईपातली हवा तिथेच राहिली. पाच मिनिटांनी परत बटण दाबलं की मोटर घुं घुं करणार, एमसीबी पडणार. यात मोटरचा दोष नाही. आजपासून बंद करताना स्विचची मूठ वापरा आणि फुस्स ऐका. गुणगुणणं थांबलं तर तो खर्च वाचला.

मूठ बंद केल्यावर फुस्स थांबतच नाही, हवा येतच राहते आणि काटा उतरू लागतो, असं झालं तर लोक प्रेशर स्विच बदलतात. स्विचचा काही गुन्हा नसतो. ती हवा टाकीतून येतेय, म्हणजे एनआरव्ही धरत नाही. त्याचं डोकं खोला, आत स्प्रिंग आणि रबराची किंवा टेफ्लॉनची चकती निघेल, कार्बनने बरबटलेली. रॉकेलने धुवा. चकतीवर बैठकीची खोल गोल खाच पडली असेल तर चकती बदला, आणि पितळी बैठकच खाल्ली गेली असेल तर अख्खा एनआरव्ही, दोन-चारशे रुपयांची वस्तू. बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा, नाहीतर टेपची चिंधी आत जाते. याच्या उलट, मशीन चालू असताना स्विचमधून सतत हवा येत असेल तर मात्र अनलोडरची पिन अडकलीय.

कोकणात एक खास भानगड आहे. आठ दिवस मशीन बंद राहिलं की कुंभारीण माशी अनलोडरच्या किंवा ब्रीदरच्या भोकात मातीचं घर बांधते. रत्नागिरीहून आलेल्या एका मशीनचा अनलोडर मी तासभर तपासत बसलो होतो, शेवटी बारीक तार घातल्यावर आतून माती आणि तीन अळ्या निघाल्या.

मूठ वापरूनही मोटर अडली तर मोटरकडे वळा, पण क्रमाने. टाकी रिकामी करून सुरू करा. झाली सुरू, तर दोष हवेच्या बाजूला. रिकाम्या टाकीवरही अडली तर पट्टा उतरवून एकटी मोटर चालवा. तरीही घुं घुं, तर स्टार्टिंगचा कंडेन्सर, सेंट्रिफ्युगल स्विच किंवा बेअरिंग. एकटी मोटर झटक्यात फिरते पण पट्टा चढवला की रिकाम्या टाकीवरही अडते, तर चाक हाताने फिरवून बघा, ब्लॉक जाम आहे का ते कळेल. कंडेन्सर हाताळताना त्याची दोन टोकं पेचकसने जोडून ठिणगी काढायची हौस करू नका, शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून उतरवा. नवा घेताना पाटीवरचे मायक्रोफॅरड जुळले पाहिजेत. "जरा मोठा टाका, जोर वाढेल" म्हणणाऱ्याचं ऐकलं की वाइंडिंग जळतं. आणि वायर बघा. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. लांबलचक, बारीक एक्स्टेन्शनवर ती सुरू व्हावी ही अपेक्षाच चूक. निदान 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर हवी, तीही जवळून.

रिंगांचं थोडक्यात. ब्रीदरने तसं सांगितलं असेल तर सिलिंडर उचला. नवी रिंग आधी बोअरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. 65 च्या बोअरला 0.2 ते 0.35 मिमी बरोबर. एकदम बसत नाही म्हणून तोंड कानशीने घासायचं असेल तर घासा, पण फट जास्त झाली तर रिंग फुकट. जुनी रिंग याच जागी 0.8 च्या वर दाखवत असेल तर तिचं आयुष्य झालं. "टॉप" लिहिलेली बाजू वर, तेलाची रिंग सगळ्यात खाली, आणि तिन्ही तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत. नख फिरवल्यावर बोअरच्या वरच्या टोकाला पायरी लागली, किंवा उभे ओरखडे दिसले, तर नुसत्या रिंगांनी काही होत नाही. तेव्हा सुद्धा अख्खा ब्लॉक नको. बहुतेक ब्लॉकमध्ये सिलिंडर क्रँककेसपासून सुटा असतो, पिस्टनसकट त्याचा संच मिळतो. पूर्ण ब्लॉक बदलायचा तो क्रँक खाल्ला असेल, कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड हलत असेल, किंवा क्रँककेस फुटली असेल तेव्हा. कनेक्टिंग रॉडच्या खाली तेल उडवणारा छोटा चमचा असतो, तो तुटलेला नाही ना हेही उघडलंच आहे तर बघून घ्या. तो तुटला की तेल भरलेल्या क्रँककेसमध्येच ब्लॉक कोरडा चालून जाम होतो.

तेल कॉम्प्रेसरचंच घाला, 100 ग्रेडचं. गॅरेजात हाताशी असतं म्हणून गाडीचं इंजिन ऑइल ओतलं जातं, आणि पत्त्यांवर बसलेल्या त्या डांबराचं एक मोठं कारण तेच. इंजिन ऑइलमधली धुण्याची द्रव्यं गरम पत्तीवर राख सोडतात आणि पाणी तेलात मिसळून ठेवतात. तेलाची पातळी दाखवणाऱ्या गोल काचेत तेल निम्म्यावर हवं, त्यापेक्षा जास्त नको. आणि कार्बन काढायचा म्हणून चालू मशीनच्या तोंडात पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडणारे मी पाहिलेत. तापलेला कार्बन, दाबलेली हवा आणि इंधन एकत्र आलं की काय होतं हे डिझेल इंजिन चालवणाऱ्याला सांगायला नको.

इथवरचं सगळं दुरुस्त होतं. टाकी होत नाही. तुमच्यासाठी हा भाग ब्लॉकपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण तुम्ही कोकणात आहात. पावसाळ्यात 30 अंशांना एक घनमीटर हवेत 26-27 ग्रॅम पाणी असतं. ती 8 बारला दाबून टाकीत गार झाली की तिच्यात चार-पाच ग्रॅमच मावतं, बाकीचं वीस-बावीस ग्रॅम टाकीच्या तळाला पडतं. मशीन तासाला साधारण नऊ घनमीटर हवा भरतं. म्हणजे चालण्याच्या प्रत्येक तासाला पाव लिटरला थोडं कमी पाणी. दिवसात चार तास चाललं तर पाऊण लिटरच्या वर. साडेपाच वर्षं खालचा कॉक रोज उघडला गेलाय का, हे फक्त तुम्हाला माहीत. नसेल तर टाकी आतून, तळाला, पायांच्या वेल्डिंगपाशी खाल्ली जात असणार, आणि बाहेरून तिला रंग मस्त असेल.

तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पडून हवा गळू लागली तर वेल्डर म्हणेल, "एक टाका मारतो." मारू देऊ नका. एम-सील नको, पट्टी नको. भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालाय, वेल्डिंगची उष्णता त्याला आणखी कमजोर करते. 400 मिमी व्यासाच्या टाकीच्या एका बाजूच्या झाकणावर 8 बारला दहा टनांचा जोर असतो, आणि तुमचं गिऱ्हाईक तिच्यापासून पाच फुटांवर उभं असतं. टाकी भंगारात घाला, ब्लॉक आणि मोटर नव्या टाकीवर चढवा. संशय असेल तर तपासणी पाण्याने करून घ्या : टाकी पूर्ण पाण्याने भरून, हवा राहू न देता, दीडपट दाब. पाणी दबत नाही, म्हणून फाटली तरी नुसती ओली होते. हवेने अशी परीक्षा कोणी करत असेल तर तिथून निघून या. कारखान्यांना कायदा सुरक्षित दाब ओलांडू नका म्हणून बजावतो. पंक्चरच्या दुकानात इन्स्पेक्टर येत नाही, टाकीला मात्र ते ठाऊक नसतं.

सेफ्टी वॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढा, हवा सुटून परत बंद झाला पाहिजे. गळतो म्हणून त्याच्या जागी बूच मारलेली टाकी माझ्याकडे आली तर आधी वॉल्व्ह बसवतो, मग बाकीचं बोलतो. तसंच प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून 8 चा 10 करू नका, टाकीच्या पाटीवर लिहिलेलं असेल तेवढंच.

आजकाल बरेच जण 24-25 लिटरचे, बिनतेलाचे छोटे कॉम्प्रेसर घेतात, त्यांच्यासाठी एवढंच : हे सगळं त्यांना तसंच्या तसं लागू नाही. त्यात रिंगेच्या जागी टेफ्लॉनचा कप असतो, तो झिजला की बाहीसकट संच बदलायचा. तेलाचा थेंबही घालायचा नाही, कप फुगून मरतो. आणि दहा मिनिटं चाललं की दहा मिनिटं विश्रांती द्यायची.

तर तुमचा क्रम असा ठेवा. आज रात्री मूठ बंद करून फुस्स ऐका. उद्या फिल्टर काढून हात धरा. फुसकारा सापडला की रविवारी हेड उघडा, दोन्ही बाजूंचे पत्त्यांचे संच आणि पॅकिंगं आधीच आणून ठेवा, एनआरव्ही त्याच दिवशी साफ करा. सगळं मिळून अडीच-तीन हजारांच्या आत बसायला हवं. जोडून झालं की लगेच दाब देऊ नका : कॉक उघडा ठेवून वीस मिनिटं मोकळं चालवा, सगळ्या जोडांवर साबणाचा फेस फिरवा, गार करून बोल्ट आवळा. मग कॉक बंद करून रिकाम्या टाकीपासून 8 बारपर्यंत वेळ घ्या. नऊच्या आसपास आली तर ती वेळ आणि तारीख ऑइलपेंटने टाकीवरच लिहून टाका. बाराच्या वर आली तर मला रिंगेच्या फटीचा आकडा कळवा.